शेतीच्या घरातला पसारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. आठ माणसं, एक बैलजोडी, एक गाय, नऊ एकर कोरडवाहू. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, निंदणाच्या पातीवर बसलो तरी बायांचं बोलणं फिरून एकाच गोष्टीवर येतं: घर आवरतच नाही. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत. सगळं आमच्याच घरात करून पाहिलेलं आहे.

शेतकऱ्याचं घर म्हटलं की पसारा असणारच. मग आवरायचा आटापिटा कशाला?

आपलं घर एकाच वेळी राहतं घर असतं, गोदाम असतं, अवजारांची खोली असते आणि पावसाळ्यात आजारी वासराचा दवाखानाही असतो. चार खोल्यांत हे सगळं मावत नाही, यात घरच्या बाईचा आळस नाही. पाहुण्यांनी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नका.

मी तीन गोष्टी पाहते. रात्री लाइन गेल्यावर अंधारात चालताना पाय कशाला अडखळतो का? हवी ती वस्तू लेकराला हाक न मारता सापडते का? आणि लेकरू जिथे निजतं तिथे उंदीर, विषारी औषध, विंचू-काटा येऊ शकतो का? या तीन गोष्टी ठीक असतील तर खुंटीवर दोन शर्ट लोंबत असले तरी माझ्या लेखी ते घर आवरलेलं आहे.

वेळच नसतो. सुरुवात कुठून करू?

जिथे निजता तिथून. देवघर नाही, स्वयंपाकघरही नाही. खाटेखाली काय आहे ते ओढून बाहेर काढा. आमच्या खाटेखाली फुटकी बादली, तीन जोड चपला, पाण्याच्या मोटारचं जळलेलं स्टार्टर आणि कांद्याची टोपली निघाली होती. तेवढंच आवरलं त्या दिवशी. अर्धा तास लागला.

दिवाळीला सगळं घर अंगणात काढायची आपली रीत आहे, पण नेमकं तेव्हाच सोयाबीन खळ्यात असतं आणि कापसाची वेचणी सुरू होते. अर्धं आवरतं, अर्धं परत कोंबलं जातं. मोठं आवरणं मी गुढीपाडवा ते अकती (अक्षय्य तृतीया) या दिवसांत करते. कापूस विकून झालेला, गहू-हरभरा घरी आलेला, शेतात काम कमी, आणि ऊन असं की गोधडी दोन तासांत कडक वाळते. दिवाळीला मग फक्त जाळी-जळमटं काढायची आणि सारवायचं.

भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवावा लागतो. पोरं निजणार कुठे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कापूस कोणी हौसेनं घरात भरत नाही. पण आमच्याकडे पंधरा क्विंटल कापूस ठेवला की बारा बाय दहाची मागची खोली छातीपर्यंत भरते, आणि तिथे निजणारी दोन माणसं सपरीत (पडवीत) येतात. थंडीच्या दिवसांत ते सोपं नाही.

पहिलं म्हणजे, सगळा कापूस अडवून ठेवू नका. कवडी (किडका, कडक कापूस) आणि शेवटच्या वेच्याचा पिवळट माल साठवून त्याचा भाव वाढत नाही, तो लगेच विका. साठवायचा तर पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा पांढरा, स्वच्छ माल, तोही वेगळा. एवढं केलं तरी खोलीचा बराच भाग मोकळा होतो.

सकाळी दवात वेचलेला कापूस दिवसभर पसरून वाळवल्याशिवाय गंजीत घालू नका. ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ च्या वर माल परत येतो. म्हणजे घाईनं कोंबलेला कापूस घरही अडवतो आणि पैसाही खातो.

आगीची भीती मात्र कायम डोक्यात ठेवा. चूल, देवाचा दिवा, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही त्या खोलीत नको. एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे लाइटचा बोर्ड. आमच्या घरी मोबाईलचा चार्जर बोर्डात लावून मोबाईल कापसाच्या गंजीवरच ठेवलेला मी पाहिला आणि अंगाला घाम फुटला. त्या दिवसापासून खोलीचा फ्यूजच काढून ठेवतो. बल्ब नाही, बोर्ड नाही, आत जायचं तर बॅटरी घेऊन.

भिंतीपासून हातभर जागा सोडा, खाली ताडपत्री, वर जुनं सुती लुगडं. पोत्याची सुतळी कापसात मिसळू देऊ नका, तिच्या धाग्यांनी माल खराब धरतात.

आणि लेकरांना गंजीवर उड्या मारू देऊ नका, निजू तर मुळीच नका देऊ. मीही लहानपणी त्या मऊ ढिगात झोपलेली आहे, म्हणून सांगते, रात्रभर अंग खाजतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेल्या कापसात बारीक किडे आणि धूळ वाढते, अंगावर पुरळ उठते. कापूस भरताना-काढताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा, आणि नंतर आंघोळ.

शेवटचं, तारीख ठरवा. आमच्या घरी होळी ही सीमा आहे. भाव चढो की पडो, होळीनंतर कापूस घरात राहत नाही. गुलाबी बोंडअळी सरकीत दडून राहते आणि साठवलेल्या कापसातून पुढच्या हंगामात जाते. २०१७ साली या अळीनं विदर्भात केलेलं नुकसान आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती?

विकायची आणि खायची वेगळी ठेवा, म्हणजे विकायची निघाली की जागा खरोखर मोकळी होते. एकत्र थप्पी मारली की खालचं पोतं काढायला सगळी हलवावी लागते आणि मग कोणी हलवतच नाही. खाली लाकडी पाट किंवा विटांवर फळ्या. बियाण्याचं सोयाबीन चार-पाच पोत्यांपेक्षा उंच रचू नका, खालचं दबून उगवण कमी होते. ते पोतं आदळूही नका, साल नाजूक असतं.

धान्यात टाकायच्या किडीच्या गोळ्यांबद्दल हात जोडून सांगते. त्यांतून जो वायू निघतो तो माणूस मारतो. निजायच्या खोलीत, किंवा तिला लागून असलेल्या खोलीतसुद्धा, त्या गोळ्या वापरू नका. कडक ऊन देऊन, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, कोठीचं झाकण घट्ट लावलं तर घरच्या खाण्यापुरतं धान्य नीट टिकतं.

फवारणीची औषधं घरात कुठे ठेवायची?

घरात नाही. या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरही आपण डब्या आलमारीवर, पंप सपरीत आणि उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ठेवतोच.

पत्र्याची एक पेटी घ्या, कुलूप लावा, गोठ्याच्या आढ्याला लेकराच्या हाताबाहेर ठेवा, आणि किल्ली एकाच माणसाकडे. औषध मूळ डबीतच राहू द्या. रिकामी डबी तीनदा विसळा, ते पाणी पंपातच टाका, मग डबीला खिळ्यानं भोकं पाडा. भोक पाडलेली डबी कोणी तेल आणायला नेत नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, त्यांची खुंटीही वेगळी.

सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. काय करावं?

इथे माझी चूक आधी सांगते. लग्नाला चार वर्षं झाली होती. बोहारीण आली. खुंटीला लटकलेली एक फाटकी, शिवून शिवून जाड झालेली पिशवी आणि दोन जुनी पातळं देऊन मी स्टीलचा गंज (पातेलं) घेतला. संध्याकाळी सासूबाई शेतातून आल्या, हातपाय धुतले आणि त्या खुंटीकडे पाहत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नणंदेकडून कळलं की ती पिशवी त्यांच्या आईनं शिवली होती, आणि माहेराहून शेवटचं बियाणं त्या तिच्यातूनच घेऊन आल्या होत्या. गंज आजही आहे. त्यात दूध तापवताना मला ती पिशवी आठवते.

“राहू दे बाई, कामी पडन” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यामागे काय आहे ते पाहा. आमच्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आहे, रेशनची लाल मिलो खाल्ली आहे. ज्या माणसाला सुतळीचा तुकडाही मिळाला नाही, तो सुतळी फेकणार नाही.

म्हणून आता मी विचारते. गेल्या चैत्रात त्यांची पत्र्याची पेटी आम्ही दोघींनी मिळून उघडली. कडी गंजलेली होती, रॉकेलचा बोळा लावून सैल केली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. दोन लुगडी, सासऱ्यांचं एक धोतर, पितळी गडवा, पातं तुटलेला अडकित्ता, पाण्याची चुंबळ आणि तळाशी फडक्यात बांधलेली वालाच्या शेंगांची पुरचुंडी. एकेक वस्तू हातात घेऊन त्या सांगत गेल्या, मी ऐकत गेले. दुपार गेली. शेवटी त्यांनीच चार ढीग केले. लुगड्यांची गोधडी करायची ठरली, गडवा घासून देवघरात गेला, वाल सांदवाडीत (परसात) पेरायला काढला. अडकित्ता त्यांनी स्वतः भंगारात टाकला. मी म्हटलं, “आई, ठेवायचा का?” तर म्हणाल्या, “काहून? आता दात बी नाही अन् सुपारी बी नाही.”

वडीलधाऱ्यांच्या वस्तू त्यांच्यामागे काढू नका. जेवढं त्यांच्या हातून निघेल तेवढंच काढा. कमी निघतं, पण घर दुखावत नाही.

“वर्षभर वापरलं नाही ते टाकून द्या” असं मोबाईलवर सांगतात. बरोबर आहे का?

शेतीच्या घराला नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षातून तीनच दिवस निघतात. मोठी ताडपत्री दोन वर्षं पडून राहते आणि मार्चमध्ये एका रात्री गारपिटीचं आभाळ आलं की तिच्यासाठी जीव टांगणीला लागतो. बैलांची झूल, पोळ्याचे मठाटे, लग्नातली मोठी कढई यांना वर्षाचा नियम लावला तर पस्तावाल.

मी विचारते ते असं: ही वस्तू लागली तर गावात दोन तासांत मिळेल का? मिळत असेल आणि दोन पावसाळे कोणी हात लावला नसेल, तर ती जाऊ द्या. मोठी कढई, परात, सतरंजी या वस्तू तर आम्ही गटाच्या नावानं एकच घेतल्या. त्या गटाच्या खोलीत असतात, दहा घरांना पुरतात.

आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, ब्लाऊज पीसचं काय?

फिरवा, लाजू नका. एका पिशवीत नाव लिहून ठेवा म्हणजे ज्याचा त्यालाच परत जाणार नाही. आंदणाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे. मुलीला आलमारी, सोफा, ड्रेसिंग टेबल द्यायला बाप कर्ज काढतो आणि तिकडे दोन खोल्यांच्या घरात सोफा कापसाखाली दबतो. मी माझ्या पुतणीच्या लग्नात दोन शेळ्या दिल्या. लोक बोलले. तीन वर्षांत त्या सात झाल्या.

जुन्या कपड्यांची गाठोडी वाढतच जातात.

सुती वेगळं, बाकी वेगळं. सुती कापडाची गोधडी होते, पुसणं होतं, कापूस झाकायला होतं. टेरिकॉट आणि नायलॉनचं घरात काहीच होत नाही, ते बोहारणीला द्या. गोधड्या माणशी दोन आणि पाहुण्यांच्या चार, एवढ्या पुरतात. आमच्याकडे त्याहून जास्त निघाल्या होत्या, त्यांतल्या पाच उंदरांनी पोखरलेल्या.

कागदपत्रं वेळेवर सापडत नाहीत.

पसाऱ्यातला सगळ्यात महाग पसारा हा. पीक विम्यात नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं. एका वर्षी गारपिटीनंतर विम्याची पावती शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. ती कॅलेंडरच्या मागे खोचलेली होती. रक्कम हुकली.

आता एक पत्र्याचा डबा आहे, झाकणाचा, उंदीर शिरणार नाही असा. आत चार प्लास्टिकच्या पिशव्या: शेत, बँक, लेकरं, दवाखाना. चालू वर्षाची पावती सगळ्यात वर. डबा कुठे आहे ते घरातल्या चार माणसांना माहीत आहे, एकट्या मालकाला नाही.

काय टाकायचं? सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्स खुशाल फाडा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. खताच्या-बियाण्याच्या पावत्या हंगाम संपून उगवणीची, नुकसानीची तक्रार मिटेपर्यंत ठेवा. बियाण्याची रिकामी पिशवी आणि तिच्यावरचं लेबलसुद्धा तोवर फेकू नका.

काय कधीच टाकायचं नाही? मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या जुन्या नकला, आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. कागद पिवळा आहे, हिंदीत किंवा मोडीत आहे, वाचता येत नाही, म्हणून चुलीत घालू नका. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे जुने दाखले तसेच असणार. जात पडताळणीला जुनेच पुरावे मागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या. नातीचं इंजिनिअरिंगचं सीट त्या एका पिवळ्या चिठोऱ्यावर टिकतं.

कूलर आठ महिने कुठे ठेवायचा?

मृग लागला की पाणी पूर्ण काढा, टाकी घासून पुसून कोरडी करा. डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून असतात, ती कोरड्यातही महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासायलाच पाहिजे. ताट्या काढून टाका, पुढच्या वर्षी नव्या लागतातच. कूलरच्या पोटात आम्ही ठिबकच्या नळ्या आणि रिकामी चुंगडी (पोती) ठेवतो. वर पाट टाकला की तो सपरीतला ओटा होतो.

सांदवाडीत टायर, रंगाचे डबे, फुटके माठ पडलेत. ते घराबाहेर आहेत ना?

डास भिंत पाहून थांबत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी पालथी करा. टायर कबाड्याला द्या, किंवा अर्धे कापून झाडाला आळं करा.

सरपण आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं)?

भिंतीला लावून रचू नका. ढीग भिंतीला टेकला की मागच्या पोकळीत उंदीर येतो, उंदरामागे साप. मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर निजलेल्याला चावतो, दुखतही नाही, पहाटे माणूस उठत नाही. दहा पावलं लांब, दगडांवर उंच रचा. लाकूड ओढताना हात घालायच्या आधी काठीनं ठोका. चावल्याची शंका आली तरी १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा, झाडपाला आणि मंत्र यांत वेळ घालवू नका.

कपाशीच्या पऱ्हाटीची गंज तर पावसाळ्यापर्यंत ठेवूच नका, वाळक्या बोंडांत गुलाबी अळी असते. चुलीला पऱ्हाटी लागते हे मला माहीत आहे, मीही जाळते. उन्हाळ्यात पुरेल तेवढीच आणा, पावसाळ्यासाठी तुराट्या आणि बाभळीचं लाकूड ठेवा. घरामागचं गवतही कापा. २०१८ साली आपल्याकडे स्क्रब टायफसचा ताप पसरला होता, तो गवता-झुडपातल्या बारीक किड्यांमधूनच.

लेकरांची दप्तरं, वह्या?

प्रत्येकाला एक खोकं. भरलं की त्यांनीच रिकामं करायचं. पुस्तकं निकालाच्या दिवशीच खालच्या वर्गातल्या पोराला देऊन टाका.

घरातली माणसं, म्हणजे पुरुष, काडीही हलवत नाहीत.

गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. ज्या गावात जात तिथे आधी हातात खराटा घेत, कीर्तन नंतर. आपल्या घरातले पुरुष त्यांच्या फोटोला हार घालतात आणि खराटा बायकोच्या हातात देतात. हे मी घरात स्पष्ट बोलून दाखवलं.

भांडून फार उपयोग झाला नाही, वाटणीनं झाला. घराचा जो भाग शेतीचा आहे तो त्यांचा: अवजारं, पंप, मोटारचं सामान, दोरखंड, पोती. त्याला मी हातच लावत नाही. पहिले दोन महिने सपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी गप्प राहिले. मग एके दिवशी पाना सापडेना, मोटार बंद, ओलित थांबलेलं. त्या संध्याकाळी मालकांनी भिंतीला एक फळी ठोकली, तिच्यावर खिळे मारले आणि प्रत्येक पान्याची जागा खडूनं आखली. धाकटा दीर आता स्वतः डवऱ्याची (कोळप्याची) फास पुसून टांगतो.

एकदा आवरलं तरी दोन महिन्यांत तेच होतं.

होणारच, कारण शेतातून सामान येतच राहतं. म्हणून मी वर्षाचे चार दिवस धरले आहेत. अकतीच्या आधी पेट्या, गोधड्या, माळा. मृगाच्या आधी सांदवाडी, सरपण, कूलर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचं सामान आणि गोठा. संक्रांतीनंतर कागदांचा डबा आणि औषधांची पेटी. एखादा दिवस हुकला तर पुढच्या वेळी करा, त्यासाठी रात्र जागू नका.

या वर्षी मृगाच्या आधीचं काम अजून बाकी आहे. टायर दोन आहेत, त्यांतला एक सासूबाईंना तुळशीच्या बाजूला हवा आहे. त्यात माती भरून वालाचं बी लावायचं आम्ही ठरवलं आहे.